शॅम्पूईचा मुक्काम: विलॅमेटच्या काठी, वाहून गेलेल्या गावात

वारणाई

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन ऑरेगनमधल्या शॅम्पूईला दोन रात्री राहून आलो. लिहायला जुलै उजाडला. पोर्टलंडच्या आसपास मराठी घरं भरपूर. गावाकडून आई-वडील आले की आपण सगळे त्यांना धबधबा दाखवतो, समुद्र दाखवतो, एखादं आउटलेट मॉल दाखवतो. शॅम्पूईला कोणी नेत नाही. न्यावं असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

आधी नाव. पाटीवरची अक्षरं वाचून आम्ही दोन वर्षं 'चॅम्पोएग' म्हणत होतो. उच्चार 'शॅम्पूई', मधल्या 'पू'वर जोर. नाव मूळचं इथल्या कलापुया लोकांच्या भाषेतलं. एका खाण्याच्या कंदावरून आलं असावं असं भाषेचे अभ्यासक मानतात. पोर्टलंडपासून दक्षिणेला साधारण ३० मैल, न्यूबर्गच्या अलीकडे, विलॅमेट नदीच्या दक्षिण काठावर हे राज्य उद्यान आहे.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तंबूत जमिनीवर झोपणं शक्य नव्हतं. आम्ही यर्ट घेतलं. गोल आकाराचा पक्का तंबू असतो हा. खाली लाकडी जमीन, भिंतीला आतून लाकडी पट्ट्यांची जाळी, वर मधोमध पारदर्शक घुमट. आत दिवा, हीटर, पलंग. अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं आणि आत स्वयंपाक करायचा नाही, एवढं पाळलं की झालं. आईला पलंगावर पडल्यापडल्या घुमटातून झाडाचे शेंडे दिसत होते. पहिल्या रात्री पाऊस पडला तेव्हा ती म्हणाली, पत्र्याच्या घरात आवाज येतो तसा नाही गं हा, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा येतोय.

संध्याकाळी सहानंतर दिवसाची माणसं निघून जातात आणि उद्यान मुक्कामाच्या लोकांपुरतं उरतं. तेव्हा आम्ही चालत जुन्या गावठाणाकडे गेलो. गावठाण म्हणजे आता नुसतं कुरण आहे. गुडघाभर गवत, लांबवर ओकची झाडं, आणि गवतात मधूनमधून उभे लाकडी खांब. प्रत्येक खांबावर रस्त्याचं नाव. रस्ता नाही, घर नाही, जोतं नाही. नुसती नावं. बाबा एका खांबापाशी थांबले आणि उजवीकडे-डावीकडे बघायला लागले, जसं आपण चौकात उभं राहून बघतो.

गाव का झालं, ते तिथे उभं राहिलं की कळतं. विलॅमेटच्या काठाने बहुतेक ठिकाणी दाट झाडी आहे. उघडं माळरान थेट पाण्याला भिडतं अशा जागा मोजक्याच होत्या, त्यातली ही एक. बोट लावायला, धान्याची पोती उतरवायला सोयीची. कातडीचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश हडसन्स बे कंपनीसाठी बीव्हर हे नदीकाठचे प्राणी पकडणारे फ्रेंच-कॅनेडियन शिकारी नोकरी संपल्यावर, १८३० नंतर, इथल्या माळावर गव्हाची शेती करायला लागले. त्यांच्या बायका बऱ्याचदा इथल्याच जमातींतल्या. या माळाला अजून फ्रेंच प्रेअरी म्हणतात. त्यांचा गहू शॅम्पूईच्या कोठारात यायचा आणि नदीने खाली जायचा.

मग १८४१ मध्ये युइंग यंग नावाचा मोठा गुराढोरांचा मालक मेला. कॅलिफोर्नियातून शेकड्यांनी गुरं हाकत आणलेला माणूस. ना मृत्युपत्र, ना तेव्हा कोणाला माहीत असलेला वारस. मालमत्तेचं करायचं काय, ते ठरवायला कायदाच नव्हता, कारण हा मुलूख तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका दोघांच्या सामाईक ताब्यात होता, म्हणजे नीट कोणाचाच नव्हता. त्यात लांडगे, अस्वलं गुरं मारत होती, त्यासाठी लोकांनी १८४३ मध्ये बैठका घेतल्या. लांडग्यांवरून निघालेली गोष्ट सरकार स्थापण्यावर आली. २ मे १८४३ ला याच कुरणावर लोक जमले, बाजूने आणि विरुद्ध असे दोन गट करून उभे राहिले, आणि हंगामी सरकार करायचं ठरलं. ५२ विरुद्ध ५० असा आकडा सांगतात. तो नंतरच्या आठवणींतून आलेला आहे, तेव्हा फार घट्ट धरू नये. १९०१ मध्ये इथे स्मारकाचा दगड बसवला, त्यावर नावं कोरली आहेत.

आणि मग पूर. डिसेंबर १८६१. डोंगरात बर्फ, त्यावर पाऊस, आणि विलॅमेट उन्हाळ्यातल्या पातळीच्या ५५ फूट वर चढली. गावात सुमारे सात फूट पाणी. रॉबर्ट न्यूवेल या तिथल्या रहिवाशाचं उंचावरचं घर वाचलं, खालचं गाव गेलं.

हे मी आईला वाचून दाखवलं. आम्ही सांगलीचे. मारुती चौकाच्या मागे आमचं घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खालचा मजला पूर्ण पाण्यात होता. आई ऐकत होती, आणि ५५ म्हटल्याबरोबर म्हणाली, "पंचावन्न? आयर्विनला सत्तावन्नच्या वर गेलं होतं." आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल, तिथे पुराची पातळी मोजतात. मोजायची सुरुवात दोन्हीकडे वेगवेगळी, हे बाबांनी तिला सांगितलं. ती म्हणाली, ते मला ठाऊक आहे. मग तिने हात डोक्याच्या वर धरला, तळवा आडवा केला आणि म्हणाली, "सात फूट म्हणजे इथपर्यंत. ओट्याच्या वर, डबे ठेवायच्या फळीपर्यंत." आमच्या स्वयंपाकघरात नेमकी तिथेच रेघ होती. तीनदा रंग देऊनही पावसाळ्यात ती ओल धरते.

थोडा वेळ ती तशीच उभी होती. मग विचारलं, "आपण परत गेलो. चिखल काढला, भांडी घासली, राहिलो. हे लोक का नाही गं परत आले?"

मला धड उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहिती असेल तर लिहा. आणि कोणाला मुक्कामाबद्दल विचारायचं असेल तर विचारा, जमेल तेवढं सांगते.

शुभ्रा२०

वारणाई, किती छान लिहिलंय. आम्ही हिल्सबरोला राहतो, नऊ वर्षं झाली, शॅम्पूईला एकदाच गेलोय आणि तेही मुलांच्या क्लबच्या सहलीला. खांब बघितले होते, पण वाचले नव्हते.

विचारायचं होतं, यर्ट मिळतं का हो? मी दर वेळी बघते तेव्हा शनिवार-रविवार भरलेलेच. आणि जेवणाचं काय केलंत?

वारणाई

शुभ्रा, सहा महिने आधी बुकिंग उघडतं आणि यर्ट सगळ्यात आधी जातात. मी नोव्हेंबरात सकाळी चहा ठेवायच्या आधी लॅपटॉप घेऊन बसले होते. ते जमलं नाही तर आठवड्याच्या मधले दिवस बघ. लोक रद्द करतात, त्यामुळे आदल्या आठवड्यातही अचानक जागा दिसते. साध्या तंबूच्या आणि आरव्हीच्या (चाकांवरच्या घरांच्या) जागा त्या मानाने मिळतात. गरम पाण्याची न्हाणीघरं सगळ्यांना सारखीच आहेत आणि स्वच्छ आहेत. आईची सगळ्यात मोठी काळजी तीच होती.

जेवण: पहिल्या दिवशी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाकावर गॅसच्या छोट्या शेगडीवर पिठलं आणि भात. कांदा मात्र घरूनच चिरून ने, वाऱ्यात बाहेर चिरत बसायला नको. रात्री उरलेलं सगळं गाडीत ठेवायचं. रकून नावाचे प्राणी येतात. आमच्या शेजारच्यांची पावाची पिशवी रात्रीत गेली.

सरपण घरून नेऊ नका. लाकडातून किडी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात, म्हणून तिथलंच घ्यायचं. आणि उन्हाळ्यात आगीवर बंदी येऊ शकते, निघायच्या आधी बघून घ्या.

पेठकर

वारणाईताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी पुण्याचा, वय ७३. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, शनिवार पेठेत राहत होतो. शॅम्पूई वाहून गेलं १८६१ ला. बरोब्बर शंभर वर्षांचं अंतर आहे हे वाचून मी थोडा वेळ थांबलो.

तुमच्या आईंच्या प्रश्नाला माझ्यापरीने उत्तर देतो. आम्ही परत गेलो नाही. आमचा वाडा बसला. मातीच्या भिंती होत्या, पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाजू खाली आली. गोखलेनगरला, सहकारनगरला पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं तिकडे गेली. वडिलांना परत पेठेत जायचं होतं. आईला नव्हतं. आई म्हणायची, मला पुन्हा तो आवाज ऐकायचा नाही. पुराला आवाज असतो, तो ज्याने ऐकला त्याला सांगावं लागत नाही.

तेव्हा परत जायचं की नाही हे नदी एकटी ठरवत नाही. पेठेत दुकानं होती, मंडई होती, शाळा होत्या. म्हणून पेठ उभी राहिली, माणसं काही जुनी, काही नवी. शॅम्पूईला परत येण्यासारखं काय उरलं होतं, ते बघायला हवं.

मीठभाकर

पेठकरकाका, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. मी सेलमला राहतो, ऑरेगनच्या इतिहासाची आवड आहे, थोडं सांगतो.

शॅम्पूई एका पुरात संपलं असं सगळीकडे सांगितलं जातं, पण काही लोक परत आले होते. डोनल्ड मॅन्सन या तिथल्या शेतकऱ्याचं कोठार १८६२ चं आहे, म्हणजे पुराच्या लगेच नंतरचं, आणि ते अजून उद्यानात उभं आहे. धान्याची कोठारं, बोटींचा धक्का हेही काही काळ चालू होतं. पण गाव म्हणून जीव परतला नाही. गावाचा जीव होता नदीवरची वाहतूक. १८७० च्या सुमारास रेल्वे आली ती नदीपासून पूर्वेकडून, वुडबर्नच्या बाजूने सेलमला. गहू रुळावर गेला. १८९० मध्ये पुन्हा मोठा पूर आला आणि मग उरलेलेही उठले. पहिल्या पुराने घरं नेली, रेल्वेने गिऱ्हाईक नेलं, दुसऱ्या पुराने आशा नेली, असं मी समजतो.

न्यूवेलबद्दल: त्याने पुरानंतर लोकांना घरात ठेवून घेतलं. पुढे तोही आयडाहोला गेला. त्याचं मूळ घर आता नाही. सध्या आहे ते १९५९ मध्ये पुन्हा बांधलेलं आहे. म्हणून आत जाताना हे लक्षात ठेवा, नाहीतर भिंतीला हात लावून १८५२ चं समजाल.

१८६१ ला एकही धरण नव्हतं. १९४० नंतर विलॅमेटच्या उपनद्यांवर लष्कराच्या अभियंत्यांनी १३ धरणं बांधली. तरीही १९६४ च्या ख्रिसमसला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत मोठे पूर आलेच. धरणं पूर कमी करतात, नदीची जागा बदलत नाहीत. सांगलीकरांना हे मी सांगायला नको.

दोनचाकी

सायकलवाल्यांसाठी: विलॅमेट व्हॅली सायकलमार्ग शॅम्पूईलाच सुरू होतो, १३४ मैलांचा, थेट यूजीनपर्यंत. तेवढं जमणार नसेल तर उद्यानातून नदीकाठाने पक्की वाट आहे ती धरा, शेजारच्या बटव्हिल गावाच्या दिशेने. वाट झाडीतून जाते, चढ फारसे नाहीत, माझी सात वर्षांची मुलगी आरामात आली. बटव्हिलचं दुकान १८६३ पासूनचं आहे. मुलांना आइस्क्रीम, मोठ्यांना पायऱ्यांवर सावली. ते कधी उघडं असतं ते आधी बघून जा.

एक कळकळीची सूचना. वाटेच्या कडेला पॉयझन ओक आहे. तीन-तीन पानांचा गुच्छ, पान ओकसारखं कातरलेलं, वसंतात लालसर चमक. माझ्या नवऱ्याने चेंडू काढायला झुडपात हात घातला आणि पुढचे पंधरा दिवस अंगावर फोड. गावाकडे बिब्बा उतल्यावर जसं होतं, अगदी तसंच.

रानभाजी

दोनचाकी, तसंच होणार. पॉयझन ओक आणि बिब्बा एकाच कुळातले, आंबा आणि काजूसुद्धा त्याच कुळातले. ज्यांना काजूच्या टरफलाच्या तेलाने किंवा आंब्याच्या चिकाने पुरळ येतं, त्यांनी तर या झुडपापासून जास्तच लांब राहावं. अंगाला लागलं असं वाटलं तर लगेच साबण लावून गार पाण्याने भरपूर धुवा, कपडे वेगळे धुवा. तेल कपड्यांवर, बुटांच्या नाड्यांवर राहतं आणि नंतर हाताला लागतं.

वारणाई, मी वनस्पतिशास्त्राची आहे, म्हणून तुमच्या आईंच्या प्रश्नाला एक वेगळी बाजू जोडते. ती जोडली नाही तर धागा अर्धा राहील असं मला वाटतं.

तुम्ही जे माळरान पाहिलंत, ते आपोआप झालेलं नाही. विलॅमेटच्या खोऱ्यात इतका पाऊस पडतो की तसंच सोडलं तर तिथे काही दशकांत फरची झाडी माजते. माळ उघडा राहिला कारण कलापुया लोक दर वर्षी उन्हाळा सरताना तो ठरवून जाळायचे. आपल्याकडे कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यात जशी जाणीवपूर्वक केलेली आग असते, तशीच ही. आगीने झुडपं जायची, ओक टिकायचे, ओकची फळं वेचता यायची, हरणं नव्या गवतावर यायची, आणि कंद चांगले पोसायचे. फ्रेंच शेतकऱ्यांना 'तयार' मिळालेली गव्हाची जमीन ही कलापुयांनी शतकानुशतकं राखलेली जमीन होती.

मेच्या सुरुवातीला गेला असाल तर कुरणात निळी-जांभळी फुलं दिसली असतील. ते कॅमस. त्याचा कांद्यासारखा कंद बायका टोकदार काठीने उकरून काढायच्या, खड्ड्यात तापलेल्या दगडांवर पानं घालून एक-दोन दिवस भाजायच्या. कच्चा कंद पचत नाही. इतका वेळ भाजल्यावर त्यातल्या इन्युलिन नावाच्या न पचणाऱ्या घटकाची साखर होते आणि तो तपकिरी, गोड होतो. उकरायचा विचार मात्र कोणीही करू नका. उद्यानात मनाई आहे, आणि त्याच्यासारखाच दिसणारा पांढऱ्या फुलांचा एक विषारी कंद तिथेच उगवतो.

१८३० ते १८३३ या काळात कोलंबिया आणि विलॅमेटच्या खोऱ्यात तापाची साथ आली. अभ्यासक ती मलेरियाची मानतात, बाहेरून जहाजांतून आलेली. कलापुयांची बहुतांश माणसं तीन-चार उन्हाळ्यांत गेली. गावंच्या गावं रिकामी झाली. १८५५ मध्ये उरलेल्यांशी तह झाला, आणि १८५६ मध्ये त्यांना ग्रँड राँडच्या राखीव भागात नेलं. म्हणजे शॅम्पूईला सरकार झालं तेव्हा तिथल्या मूळ गावाला संपून जेमतेम दहा वर्षं झाली होती.

आईंना सांगा, एक गाव पुराने गेलं आणि त्याला परत येण्याची मुभा होती. त्याआधीचं गाव तापाने गेलं आणि उरलेल्यांना परत येऊच दिलं नाही. खांब फक्त दुसऱ्या गावाचे आहेत.

तिन्हीसांज

रानभाजी, शेवटची ओळ वाचून अंगावर काटा आला.

मीठभाकर

रानभाजी, पूर्ण मान्य. माझ्या लिहिण्यात ते यायला हवं होतं.

तरी २ मे १८४३ बद्दल माझं एक मत आहे ते मांडतो. वरून कोणाचा हुकूम नाही, सैन्य नाही, राजा नाही, आणि शंभरेक शेतकरी गवतात उभे राहून, आपण कसं राहायचं, ते ठरवतात. फ्रेंच बोलणारे, इंग्रजी बोलणारे, कॅथलिक, मेथडिस्ट. हरलेल्यांनीही पुढे त्याच सरकारात भाग घेतला. ग्रामसभेचं महत्त्व जाणणाऱ्या माणसाला त्या जागेचा आदर वाटतो. मला वाटतो.

रानभाजी

आदर जरूर वाटावा. पण गवतात उभं राहायला बायका नव्हत्या, ज्यांची जमीन ते नव्हते. आणि त्याच हंगामी सरकारने पुढच्याच वर्षी, १८४४ ला, काळ्या लोकांनी ऑरेगनमध्ये राहू नये असा कायदा केला, फटक्यांच्या शिक्षेसह. फटक्यांचं कलम लवकरच बदललं, पण बंदीचा विचार राज्याच्या घटनेतही गेला. मतदानाची गोष्ट मुलांना सांगताना मी हेही सांगते. माझी मुलगी इथल्या शाळेत शिकते, तिला दोन्ही ठाऊक असायला हवं.

वारणाई

मीठभाकर, रानभाजी, तुम्ही दोघांनी इतकं लिहिलंत त्याबद्दल फार आभार. मी काल रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सगळं वाचून दाखवलं. ती जूनमध्ये परत गेली. 'गावाचा जीव' हा शब्द तिला पटला. म्हणाली, आमच्याकडे गणपतीचं देऊळ आहे, हळदीची पेठ आहे, म्हणून आम्ही परत गेलो. ते नसतं तर विश्रामबागला बहिणीकडेच राहिले असते.

कलापुयांचं वाचल्यावर बराच वेळ बोलली नाही. मग तिने कॅमस भाजण्याबद्दलच पुन्हा विचारलं. दगड कसले वापरायचे, पानं कुठली. मला नीट सांगता आलं नाही.

मतदानाबद्दल माझं म्हणाल तर, मला त्या स्मारकापाशी बरं वाटलं होतं आणि अस्वस्थही वाटलं होतं. तेव्हा कारण कळलं नाही, रानभाजींच्या प्रतिसादानंतर कळलं. मी पुन्हा जाईन तेव्हा तिथे थांबेन, आणि कुरणातही थांबेन.

पेठकर

वारणाईताई, तुमच्या आई रेघेबद्दल म्हणाल्या, त्यावरून सांगतो. आमच्या ओळखीच्या एका वाड्यात पानशेतच्या पाण्याची खूण भिंतीवर कोरून ठेवली होती. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा ती भिंतही गेली. आता तिथे उभं राहून नातवाला दाखवायचं तर हवेतच हात धरावा लागतो, तुमच्या आईंनी धरला तसा. शॅम्पूईच्या लोकांनी कुरण मोकळं ठेवलं, वर इमारती बांधल्या नाहीत, याचं मला मोल वाटतं.

शुभ्रा२०

कोणाला तरी सांगायचंच होतं: मला २२ तारखेचं यर्ट मिळालं! कोणीतरी रद्द केलं. सासूबाई येत आहेत, त्या कोल्हापूरच्या, पंचगंगेच्या. त्यांना आधी काही सांगणार नाही, खांबापाशी नेईन आणि मग वाचून दाखवीन.

आणखी काही सांभाळायचं आहे का?

दोनचाकी

रात्री गार होतं, जुलैतही स्वेटर लागतो. रात्री दहानंतर शांतता पाळतात, तेव्हा मुलांचे खेळ आधी उरका. नदीत मुलांना एकटं सोडू नका, वरून शांत दिसते पण ओढ आहे आणि पाणी गार. बोटीच्या धक्क्यावर बसून पाय सोडायला छान.

माहिती केंद्राशेजारी जुन्या पद्धतीची परसबाग केली आहे, ती सासूबाईंना नक्की आवडेल.

शुभ्रा२०

जाऊन आलो.

सासूबाई परसबागेतच अर्धा तास रमल्या. संध्याकाळी कुरणात गेलो. कॅमसची फुलं केव्हाच संपली होती, वाळलेल्या दांड्यांवर बोंडं होती, हलवली की आत बिया खुळखुळत होत्या. गवत पिवळं पडलंय, त्यामुळे खांब लांबूनही दिसतात.

मी वारणाईंचा पहिला मजकूर तिथेच उभी राहून वाचला. सासूबाईंनी ५५ फूट ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गुरं सोडली होती का त्यांनी आधी?" मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, २०१९ ला शिरोळकडे त्यांच्या भावाने दावी कापली म्हणून दोन म्हशी वाचल्या, तिसरीचं दावं ओलं होऊन आवळलं होतं, विळा लागेना.

वारणाई, तुमच्या आईंसाठी एका खांबाचा फोटो काढलाय. सासूबाई शेजारी उभ्या आहेत आणि हात डोक्यावर आडवा धरलाय. तो त्यांनी स्वतःहून धरला, मी सांगितलं नव्हतं. निरोपातून पाठवते.

वारणाई

फोटो मिळाला, आईला लगेच पाठवला. तिकडे सकाळ होती. तिने फोटो मोठा करून बघितला, तुमच्या सासूबाईंचं माहेर कुठलं ते विचारलं, आणि म्हणाली, आज आयर्विनला एकवीस फूट आहे, धरणातून अजून सोडलेलं नाही, काळजी करू नकोस. खालच्या फळीवरचे डबे मात्र तिने कालच वर चढवलेत.